यंत्राला विचारा, पुन्हा विचारा

संगणक अडला की लोक आधी त्याच्या पेटीवर एक थाप मारतात. मग मागच्या वायरी हलवून बघतात. त्यानंही भागलं नाही की आमच्या संस्थेतले लोक माझ्याकडे यायचे. लखनौमधल्या एका सरकारी संशोधन संस्थेत, संगणक विभागात, मी तांत्रिक अधिकारी होते. दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "मशीन से पूछा?" शास्त्रज्ञ असो, बाबू असो, सगळ्यांची तोंडं सारखीच व्हायची. यंत्राला काय विचारायचं? ते काय बोलणार?

बोलतं हो. आमच्याकडे बरीचशी यंत्रं लिनक्सवर चालायची, आणि लिनक्सचं हे एक मला फार आवडतं. माणसासारखं ते आडपडदा ठेवत नाही. सेटिंग्ज उघडा, त्यात यंत्राच्या तपशिलाचं पान असतं. मेमरी किती, प्रोसेसर कुठला, डिस्क केवढी, सगळं तिथं लिहिलेलं. आणखी खोलात जायचं तर टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडायची आणि एकेक हुकूम टाईप करायचा. एका हुकमानं आतली सगळी कार्डं ओळीनं नावं सांगतात. दुसऱ्यानं मेमरीच्या खाचा किती, त्यातल्या भरलेल्या किती, हे कळतं. तिसऱ्यानं डिस्क स्वतःचा कारखान्यातला नंबर सांगते, आणि तब्येत कशी आहे तेही. पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, हातात घ्यायची वेळ दहातून एकदा येते. माझा पेचकस तर टेबलाच्या खणात गंजला होता, आणि मला त्याचा अभिमान होता.

एक नमुना सांगते. आमच्या एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांचा नवा कोरा संगणक रखडत चालायचा. बिलावर दोन जीबी मेमरी लिहिलेली. दुकानदाराचा माणूस छातीवर हात ठेवून सांगत होता की दोनच आहे. मी खिडकी उघडली, हुकूम दिला. यंत्र म्हणालं, खाचा दोन, भरलेली एक, तीत एकच जीबी, दुसरी रिकामी. कागद छापला आणि त्याच्या हातात ठेवला. त्यानं तो वाचला, पुन्हा वाचला, आणि दुपारी दुसरी मेमरी घेऊन आला. म्हणे, "मैडम, रास्ते में गिर गई होगी." मी म्हटलं, मिल गई ना, लगा दीजिए. लखनौमध्ये माणसाला खोटं पाडतानासुद्धा 'जी' लावून पाडायचं असतं. भंडाऱ्याहून आलेल्या माझ्यासारख्या फटकळ बाईला ते शिकायला चार वर्षं लागली.

छावणीत एक निवृत्त ब्रिगेडियर साहेब होते. त्यांची भाची आमच्या संस्थेत कामाला होती, त्यामुळे त्यांचा फोन यायचा. त्यांनी मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून स्वतःच लिनक्स बसवलं होतं आणि आवाज काही केल्या येत नव्हता. साऊंड कार्ड जळलं, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मी फोनवर हुकूम सांगितला. ते कवायतीच्या आवाजात एकेक ओळ वाचू लागले. साऊंड कार्ड हजर होतं. मग मी त्यांना आवाजाच्या सेटिंगमध्ये नेलं. तिथं आवाज बंदच करून ठेवलेला. साहेब म्हणाले की सैन्यात याला आपल्याच तुकडीवर गोळीबार म्हणतात. तेव्हापासून दर सोमवारी मला त्यांच्या यंत्राचा पूर्ण रिपोर्ट मेलवर यायचा. मी मागितला नव्हता, पण वाचायची मात्र.

आता माझी एक सवय सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. यंत्र नवीन आलं की मी त्याला सगळे प्रश्न विचारून घ्यायची. उत्तरं एका कागदावर छापायची: बोर्डाचा नंबर, मेमरी, डिस्कचा नंबर, आणि डिस्कवर कुठला भाग कुठून सुरू होऊन कुठं संपतो ते आकडे. तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून पेटीच्या बाजूच्या झाकणाला आतून चिकटवायची. स्टोअरचे पांडेजी त्याला कुंडली म्हणायचे. आम्ही बौद्ध माणसं, घरात कुंडली कुणाची काढली नाही, माझ्या लग्नातही नाही. यंत्रांच्या मात्र दीडशे तरी काढल्या असतील. हे घरी सांगितलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "बाबासाहेबांनी सोडवलं आणि तू संगणकांना अडकवलंस!" आमची मुलगी मराठी समजते पण बोलते हिंदीत. ती म्हणाली, "मम्मी, मंगल भी देखती हो क्या?"

आणि दुसरी एक सवय, ती संस्थेची. वर्षातून एकदा मालाची तपासणी व्हायची. प्रत्येक पेटीवर पांढऱ्या रंगानं नंबर घातलेला, आणि कुठल्या खोलीत कुठला नंबर हे रजिस्टरात. तपासणारे नंबर बघायचे, बाकी काही नाही. आता वर्षभरात यंत्रं मरतात, दुरुस्त होतात, या खोलीतून त्या खोलीत जातात. मग तपासणीच्या आदल्या दिवशी पांडेजी काय करायचे, तर चालू यंत्राचा आतला माल काढून योग्य नंबराच्या पेटीत घालायचे. कधी तर फक्त झाकणं बदलायची, कारण नंबर झाकणावर असायचा. सगळे खूश. म्हणून मी म्हणायची, पेटीवर लिहिलेल्यावर जाऊ नका. कुंडलीसुद्धा आपली म्हणण्याआधी नंबर जुळवा, यंत्राला विचारा.

एवढी शहाणी मी. आता माझी गोष्ट ऐका.

शाहीन नावाची पीएचडी करणारी मुलगी होती. लखनौच्या जुन्या चौक भागातली. वडिलांचा चिकनकारीच्या भरतकामाचा लहानसा कारखाना, घरात शिकलेली ही पहिलीच. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे पडतात आणि मोहोर काळा होऊन गळतो, त्या तुडतुड्यांवर तिचं काम. मलिहाबादच्या बागांमधून तीन वर्षं, तीन मोहोर, ती डहाळ्या आणायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढायची. हजारो फोटो. सूक्ष्मदर्शकाला जोडलेलं यंत्र लिनक्सवर होतं. मोहोर वर्षातून एकदाच येतो आणि तिची फेलोशिप होळीनंतर संपत होती. वाढवून मिळणार नाही, असं पत्र आलेलं. म्हणजे फोटो गेले तर पीएचडी गेली, त्यात दुसरा अर्थ काढायला जागा नव्हती.

आणि तिचं यंत्र सुरू होईना.

बॅकअप होता का, हे विचारू नका. बॅकअपसाठी नवी डिस्क मागवली होती, ती मागणी चार महिने सह्यांमध्ये फिरत होती. डिस्क आली त्याच आठवड्यात जुनीनं अंग टाकलं. शाहीन माझ्यापुढे उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी तिला बसवलं आणि काम दाखवत गेले, कारण समजलं की भीती कमी होते, असा माझा अनुभव. माझ्या टेबलावर एक कामाचं यंत्र असायचं. त्याला तिची जुनी डिस्क जोडली, नवी डिस्क जोडली. हुकूम दिला, दोन्हींनी आपापले नंबर सांगितले. जुनी डिस्क 'बी', नवी 'सी'. जुनीची तब्येत विचारली. सुरुवातीचा थोडा भाग खराब, पुढचा बराचसा ठीक. म्हटलं, घाबरू नकोस, बीवरचं सगळं जसंच्या तसं सीवर उतरवून घेऊ. लांबलचक हुकूम टाईप केला. शाहीन म्हणाली, एवढं पुन्हा टाईप करायचं झालं तर? मी तिला युक्ती दाखवली: या खिडकीत वरचा बाण दाबला की आधी दिलेला हुकूम परत येतो. आणखी वर, त्याच्या आधीचा. यंत्र सगळं लक्षात ठेवतं, अगदी आठवड्यांपूर्वीचंसुद्धा.

डिस्क वाचायला लागली. अडखळत होती, पडद्यावर तक्रारींच्या ओळी उमटत होत्या, पण वाचत होती. तेवढ्यात, नव्या डिस्कवर काही उतरायच्या आतच, एक वायर सैल झाली आणि सगळंच बंद पडलं. मी शाहीनला म्हटलं, जा, जेवून ये. वायरी काढल्या, पुसल्या, परत खोचल्या. यंत्र सुरू केलं. वरचा बाण दाबला. तोच हुकूम आला. एंटर दाबलं.

या एंटरबद्दल मला आजही स्वतःचा राग येतो. लिनक्स डिस्कला नाव देतं ते ती दिसेल त्या क्रमानं. पहिली दिसली ती 'ए', मग 'बी', मग 'सी'. मघाशी बी असलेली डिस्क यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर सी होऊ शकते. वायरी उलट्या खोचल्या तर होतेच. हे मी प्रशिक्षणात दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवलेलं. आणि मी विचारलं नाही. सकाळी विचारलं होतं ना, मग झालं! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

कळलं कशावरून? शांततेवरून. पडद्यावर एकही तक्रार येईना. आजारी डिस्क इतकी सुरळीत कशी वाचली जाते? दोन मिनिटं मी खुळ्यासारखी खूश होते. मग आठवलं, वायरी मीच काढून परत खोचल्या होत्या. हुकूम थांबवला, नंबर विचारले. बी ही नवी, कोरी डिस्क होती, आणि तिच्यावरचा कोरेपणा मी शाहीनच्या डिस्कवर चढवत होते.

दोन मिनिटांत डिस्कचा सुरुवातीचा तुकडा गेला. त्या तुकड्यात दोन गोष्टी होत्या. एक, कुठला भाग कुठून सुरू होतो याचा तक्ता. तो नसला तर फोटो डिस्कवर असूनही सापडत नाहीत. आणि दुसरी, शाहीनचं घरचं फोल्डर. त्यात तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण होतं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. फोटो पुढच्या भागात होते, ते शाबूत असणार. हरवलेला तक्ता शोधून काढणारी साधनं असतात, पण ती अख्खी डिस्क चाळतात. या डिस्कमध्ये एकदा वाचून घेण्यापुरताच जीव उरला होता, चाळून मग वाचण्याइतका नव्हता.

शाहीन परत आली. मी म्हटलं, "शुरू का हिस्सा चला गया. फोटो बच सकते हैं." कुणामुळे गेला ते मी सांगितलं नाही. ती म्हणाली, डिस्क पुरानी थी, मैम. मी मान हलवली. ती मान हलवणं मला एंटरपेक्षा जड गेलं.

पण रडत बसायला वेळ नव्हता. आकडे कुंडलीत होते! मी तिच्या पेटीचं झाकण उघडलं. कुंडली होती, स्वच्छ, प्लॅस्टिकमध्ये. डिस्कला तिचा नंबर विचारला, कागदाशी ताडला. जुळेना. अर्थातच जुळेना, मधे दोन तपासण्या होऊन गेल्या होत्या. पांडेजींना बोलावलं आणि विचारलं की या यंत्राचं खरं झाकण कुठं गेलं. पांडेजींनी पान तोंडात फिरवलं, आठवलं, आणि म्हणाले, बहुधा भंगारात. गॅरेजमागच्या खोलीत. आणि भंगाराचा ट्रक शनिवारी यायचा होता.

तो गुरुवार होता. शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं त्या खोलीत शिरलो. शाहीन, मी, आणि तोंडाला रुमाल बांधलेले पांडेजी. चाळीसेक पेट्या एकावर एक, कबुतरांची घाण, मोडक्या खुर्च्या. झाकण काढायचं, कुंडली बघायची, नंबर वाचायचा. मी जुळवताना नंबर मोठ्यानं म्हणत होते आणि शाहीन मागून बरोबर म्हणत होती, तिला तो पाठ झाला होता. पांडेजी सारखे पुटपुटत होते की त्यांनी तर नियमानंच केलं. मी त्यांना एकही शब्द बोलले नाही. एरवी मी सोडलं नसतं, पण त्या दिवशी कुठल्या तोंडानं बोलणार?

अकरावं की बारावं झाकण शाहीननं काढलं.  ती तिथंच खाली बसली आणि झाकण मांडीवर घेतलं. नंबर जुळत होता.

त्यातले आकडे घेतले, फोटोंचा भाग नेमका कुठून सुरू होतो ते यंत्राला सांगितलं. हुकूम टाईप केला. एंटरच्या आधी दोन्ही डिस्कना नंबर विचारले. मग पुन्हा विचारले. शाहीन माझ्याकडे बघत होती. डिस्क वाचू लागली आणि पडद्यावर तक्रारी उमटू लागल्या. तक्रारी बघून इतकं बरं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं. डिस्क शनिवार-रविवार हळूहळू वाचत राहिली. ट्रक येऊन भंगार घेऊन गेला.

रविवारी आम्ही विहारात गेलो. वंदना झाली, पंचशील झालं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. बाकी सगळं मी मोठ्यानं म्हटलं, तिथं माझा आवाज बसला. ह्यांनी विचारलं, घसा धरला का? मी हो म्हटलं. म्हणजे विहाराच्या पायरीवर आणखी एक खोटं.

सोमवारी फोटो उघडले. तीन मोहोर, सगळे. काही मोजके खराब, बाकी लख्ख. विभागातले लोक बघायला आले, प्रमुखांनी माझी पाठ थोपटली. "पुरानी डिस्क से मैडम ने निकाल लिया." दुपारी शाहीन माझ्या त्याच यंत्रावर बसून फोटो तपासत होती. तेव्हाच तिला कळलं की तिसरं प्रकरण नाही. ते तिनं दोन महिने खपून लिहिलं होतं. ती उठून गेली. मी मनात म्हटलं, आज नको, आधीच दुखावली आहे. मंगळवारी म्हटलं, उद्या. आपल्या सोयीची कारणं माणसाला भराभर सुचतात.

बुधवारी ती आली, हातात कागदाची पिशवी. आत पांढऱ्यावर पांढरं काम केलेला दुपट्टा. "अब्बू ने भेजा है, मैम. कह रहे थे, आपने बेटी के तीन साल बचाए." त्यांच्या कारखान्यातल्या बाईनं तो कधीपासून भरत आणलेला होता, गिऱ्हाईकाचा होता, तो त्यांनी मला दिला. मी पिशवीला हात लावू शकले नाही. तिला म्हटलं बस, आणि सगळं सांगितलं. वायरी, बाण, न विचारता दाबलेलं एंटर. "चैप्टर डिस्क ने नहीं, मैंने उड़ाया."

शाहीननं पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "सोमवार से मालूम है, मैम. ऊपर वाला तीर दबाया था."

मी तिला तेच तर शिकवलं होतं. यंत्र सगळे हुकूम लक्षात ठेवतं. तिनं मागं मागं जाऊन बघितलं होतं: सकाळचा हुकूम, तोच हुकूम पुन्हा, मग लगेच नंबर विचारणारा हुकूम, तोही एंटरच्या नंतर, आणि शुक्रवारच्या हुकमात बी-सीची अदलाबदल. हुशार पोर, तिला जोडायला किती वेळ? ती नोंद मी एका हुकमात पुसू शकले असते. पुसली नाही, पण त्याचं श्रेय मला नको. मला ती आठवलीच नव्हती.

विचारलं, मग तीन दिवस गप्प का राहिलीस? अब्बूंना दुपट्टा का देऊ दिलास?

"मशीन तो बता चुकी थी," ती म्हणाली. "मुझे आप से सुनना था." तिचे डोळे भरले होते आणि आवाज कडक होता. "चैप्टर का ग़ुस्सा है, मैम. वो अभी रहेगा." आणि तिनं दुपट्ट्याची पिशवी उचलून परत आपल्या झोळीत टाकली. "ये चैप्टर के बाद."

मला लाज वाटली आणि खरं सांगते, हलकंही वाटलं. त्याच दिवशी प्रमुखांना जाऊन सांगितलं. त्यांनी हात उडवला, होता है म्हणाले. नव्या डिस्कची कुंडली छापली तेव्हा खाली पेननं लिहिलं की जुन्या डिस्कचा सुरुवातीचा भाग माझ्या हातून पुसला गेला, आणि सही केली. तशी नोंद असलेली ती आमच्या संस्थेतली एकुलती एक कुंडली.

मग महिनाभर जेवणाच्या सुट्टीत शाहीन तिच्या बागेतल्या वह्या घेऊन यायची आणि सांगायची, मी टाईप करायची. डबा एका हातानं. तुडतुड्यांची सगळी नावं मला पाठ झाली. पहिला आठवडा ती कामापुरतं बोलली. दुसऱ्या आठवड्यात तिनं माझ्या डब्यातली झुणका-भाकर मागितली. पांडेजी येऊन बघून जायचे आणि म्हणायचे की मैडम को पनिशमेंट मिला है. मी म्हणायची, मिलना ही था.

होळीच्या आधी प्रकरण संपलं. शेवटचं पान छापून झालं तशी शाहीननं झोळीतून दुपट्टा काढला, झटकला आणि माझ्या खांद्यावर टाकला. मग खुर्ची माझ्याकडे सरकवली. "दो डिस्क पर रख दिया है, मैम. मशीन से पूछ लीजिए."

मी बसले आणि विचारलं. दोन्हीकडे होतं. तरी पुन्हा एकदा विचारलं, आणि या खेपेला ती हसली.